डेन्मार्कचे पैसे

माझं नाव आत्यांना माहीत होतं, पण तीन वर्षांत त्यांनी ते एकदाही घेतलं नाही. कामाला आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठली गं तू?" मी म्हटलं, "सासर इथलंच, सिडकोत राहतो आम्ही. माहेर गंगापूर." झालं. त्या दिवसापासून मी गंगापूर. "गंगापूर, चहा ठेव." "गंगापूर, त्या बाईला इचार, अंथरायला पायजे का पांघरायला." एकदा त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, "आज गंगापूरला उशीर व्हईल बरं का." तो बिचारा बराच वेळ विचार करत बसला की ही बाई आपल्याला एसटीचं वेळापत्रक का सांगते आहे.

त्या स्वतः पिशोरच्या. मेंढपाळाच्या घरात जन्मल्या, मेंढपाळाच्या घरात दिल्या. नंतर कधीतरी वेरूळच्या रस्त्यावर, दौलताबाद ओलांडल्यावर, पत्र्याचं एक दुकान टाकून त्या घोंगड्या विकायला लागल्या. सगळा रस्ता त्यांना आत्या म्हणायचा. त्यांचे यजमान अजून पिशोरला मेंढ्या राखायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी लोकरीचं गाठोडं घेऊन यायचे. "ते मेंढरांत, मी माणसांत. म्हणून जमतंय आमचं," असं आत्या सगळ्यांना सांगायच्या. यजमान तेव्हा समोरच बसलेले असायचे आणि मान डोलवायचे.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. ज्या क्लासमध्ये शिकवत होते तो बंद पडला, मुलगी शाळेत जायला लागली होती, घरी बसवेना. आत्यांना इंग्रजी बोलणारं माणूस हवं होतं. खरं तर त्यांना त्याची काही गरज नव्हती. त्या सगळ्या जगाशी मराठीतच बोलायच्या, फक्त आवाज चढवून. गिऱ्हाईक जितक्या लांबचं, तितका आवाज मोठा. अमेरिकेचं माणूस आलं की पलीकडचा टपरीवाला दचकायचा.

माल विकायची त्यांची पद्धत बघून मी पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं की हे दुकान फार दिवस चालणार नाही. घोंगडी उलगडली की त्या ती आधी नाकाला लावायच्या. धाग्याला लावलेली खळ चिंचोक्याची आहे की दुसऱ्या कशाची, ते वासावरून सांगायच्या. वास मनासारखा नसला तर गिऱ्हाइकासमोर म्हणायच्या, "ही नको घेऊ." मग दुसरी काढायच्या आणि तिचा कोपरा पाहुण्याच्या दंडावर जोरात घासायच्या. माणूस ओरडला की खूश. "टोचतंय ना? हां. टोचंल. मेंढीचं हाय, कापूस नाय. नंतर माझ्या नावानं खडे फोडू नको." मला हे इंग्रजीत सांगावं लागायचं. गंमत म्हणजे दंड चोळत चोळत लोक घोंगडी घ्यायचे.

दुसरी खोड याहून वाईट. आमच्या रस्त्यावर पाहुणे आणणाऱ्या ड्रायव्हरला दुकानदार काहीतरी देतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते गुपचूप द्यायचं असतं. आत्या ते सगळ्यांदेखत द्यायच्या. वर मला म्हणायच्या, "त्यांना सांग, तुमच्या ड्रायव्हरला माझ्याकडून दोनशे रुपये आणि चहा. घोंगडीच्या भावात नाय धरलेले, माझ्यातले हायेत." खुलताबादचा एक टॅक्सीवाला होता, अर्थात त्याचं नाव खुलताबाद. तो लाजेनं लाल व्हायचा. "आत्या, गिऱ्हाइक के सामने कायकू बोलतीं तुम?"

"कामून? चोरी हाय का? तू आणलं, म्या दिले."

"अरे पर इज्जत..."

"त्यात कसली इज्जत? चहा पी."

असल्या वागण्यानं चार-पाच ड्रायव्हर तुटले. खुलताबाद तेवढा टिकला. त्याचं म्हणणं, शरम वाटते पण चहा चांगला असतो.

तर या दुकानात कार्डाचं मशीन आलं. यूपीआय आमच्याकडे होतंच, पण परदेशी पाहुण्यांना त्याचा उपयोग नव्हता, आणि नोटा जवळ बाळगणारे पाहुणे कमी होत चालले होते. बिडकीनचा एक तरुण मशीन घेऊन आला. चुणचुणीत, इस्त्रीचा शर्ट. एक पैसा भाडं नाही म्हणाला. आत्यांनी त्याला बिडकीन हे नाव दिलं, चहा दिला आणि मशीनला घोंगडीच्या तुकड्याची झूल शिवली. "उघडंवाघडं नको ठेवू त्याला."

मशीन चालवायला सोपं. रक्कम टाकायची, कार्ड लावायचं, पाहुण्यापुढं धरायचं. पडद्यावर दोन ओळी यायच्या, एक रुपयांची आणि एक पाहुण्याच्या देशातल्या पैशांची, आणि खाली मोठं हिरवं बटण. पाहुणा हिरवं बटण दाबायचा. हिरवं असलं की कुणीही दाबतं. कागद बाहेर आला की आत्या मशीनवर झूल घालायच्या.

त्या हिवाळ्यात डेन्मार्क आली. साठीच्या पुढची, उंच, पांढरी वेणी, हातात काठी. खुलताबादच्या टॅक्सीतून उतरली आणि आत येऊन तिनं पहिली गोष्ट काय केली, तर घोंगडी उचलून नाकाला लावली. आत्या थिजल्याच. ती बाई तिकडं लोकर विणायची, स्वतःचा माग होता तिचा. दोघी जमिनीवर बसल्या. ही मराठीत, ती तिच्या भाषेत. मी मध्ये होते, पण मला कुणी काही विचारलंच नाही. धागा तोडून जाळून बघितला, पीळ उलगडून बघितला. आत्यांनी दंडावर घोंगडी घासली तेव्हा ती ओरडली नाही, तिनं दुसरा दंड पुढं केला. जाताना तिनं सात घोंगड्या घेतल्या, तिच्या विणकर मैत्रिणींसाठी. पंधरा हजारांच्या वर बिल झालं. कार्ड लावलं, हिरवं बटण दाबलं. पार्सल तिच्या घरी टपालानं पाठवायचं ठरलं. निघताना तिनं सांगितलं की सोमवारी अजिंठा बंद असतं म्हणून मंगळवारी तिकडं जाणार, आणि तिथूनच पुढं जळगावला जाऊन रात्रीची गाडी धरणार.

"डेन्मार्क देहरादूनच्या अलीकडं येतं का पलीकडं?" आत्यांनी ती गेल्यावर मला विचारलं.

"लई पलीकडं," मी म्हटलं.

सोमवारी संध्याकाळी बिडकीन आला, तोंड हसरं. "आत्या, तुमचा पहिला हिशेब. चारशे रुपये जादा जमा झालेत खात्यात."

"कशाचे?"

"असंच. स्कीमचे."

पैसे जादा आले म्हणून दुकानदार अस्वस्थ झालेला मी तेव्हाच पाहिला. आत्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझी घोंगडी नाय, माझी लोकर नाय, मंग चारशे कशाचे? नीट सांग."

त्यानं नीट सांगितलं. पाहुण्यानं हिरवं बटण दाबून त्याच्या देशातल्या पैशांत बिल भरलं की रुपयांचं रूपांतर आमच्या मशीनवरच होतं. त्या रूपांतराचा भाव बाजारापेक्षा थोडा चढा असतो. तो जो फरक, त्यातला थोडा बँकेला, थोडा मशीनच्या कंपनीला आणि थोडा दुकानदाराला. "ग्राहकाच्या सोयीसाठी आहे, आत्या. त्याला त्याच्या पैशांत आकडा दिसतो, बरं वाटतं. आणि त्याला कळतसुद्धा नाही."

हे शेवटचं वाक्य त्यानं कौतुकानं उच्चारलं. आत्या माझ्याकडे वळल्या. "गंगापूर, डेन्मार्कचे किती गेले?"

मी आमच्याकडचा कागद काढला. बारीक अक्षरांत भाव छापलेला होता. मोबाइलवर त्या दिवसाचा बाजारभाव बघितला, गुणाकार केला. "सहाशेच्या थोडे वर. त्यातले आपल्याला दीडशेच आलेत, आत्या."

"तिनं रुपयात दिले असते तर?"

"तर तिच्या बँकेनं बाजाराच्या जवळच्या भावानं क्रोनर, म्हणजे तिकडचे पैसे, काढले असते. यातले बरेच वाचले असते."

 झूल काढून आत्यांनी मशीन हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाल्या, "माझ्या बापाकडं लोकर न्यायला एक व्यापारी यायचा. सोयीसाठी, घरपोच. बाजाराला गाठोडं वाहून नेऊ नको म्हणायचा, मीच माप घेऊन येतो. आन् वजनाचा दगड त्याचाच. लई वर्सांनी कळलं, त्याचं पाच किलो आमच्या सहाला टेकायचं. बाप तोवर त्याला देवमाणूस म्हणायचा. जेवू घालायचा." त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "बिडकीन, हे बंद कर."

बिडकीन गडबडला. ते बंद केलं तर मशीन फुकट राहणार नाही, दरमहा भाडं पडेल. आणि बदलून दुसरं यायला दिवस लागतील, ऐन सीझनमध्ये. "या रस्त्यावर सगळेच घेतात, आत्या."

"घेऊ दे. तू हे न्हे. दुसरं आण. भाडं सांग किती ते."

तो मशीन पिशवीत टाकून निघाला तेव्हा आत्यांनी झूल ठेवून घेतली आणि त्याच्या हातात घरी न्यायला लिंबं दिली. राग असा कुणावर धरायच्याच नाहीत त्या. मला वाटलं, विषय संपला. मी पर्स खांद्याला लावली.

"उद्या किती वाजता निघायचं?"

"कुठं?"

"अजिंठ्याला. डेन्मार्क उद्याच हाय ना तिथं? परवा कुठं घावणार ती?"

मी समजावून बघितलं. सहाशे रुपये. दोघींचं जाणं-येणं, चहापाणी, माझी वाया जाणारी सुट्टी. शिवाय आपले दीडशेच. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गाडीभाडं माझं हाय. सहाशे तिचे हायेत. ते दोन येगळे. आन् दीडशे-सहाशे मला नको सांगू. गेले ते माझ्या दुकानातून गेले."

मंगळवारी आमची सुट्टीच असायची. सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावची एसटी धरली. आत्यांनी नवं लुगडं नेसलं होतं आणि बाईमाणसाला अर्धं तिकीट असतं याचा आनंद त्यांनी पूर्ण बसला सांगितला. फुलंब्री, सिल्लोड. प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याला त्या "कुठला?" विचारत. घाट उतरताना मात्र त्या गप्प बसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "म्या अजिंठा बघितलंच नाय कधी."

मला खरं वाटेना. आयुष्यभर लेण्यांच्या वाटेवरच्या पाहुण्यांना माल विकलेली बाई!

"बघणार कधी? सहा दिस दुकान, मंगळवार घरच्या कामाचा."

फाट्यावर उतरून दुसऱ्या बसनं पायथ्याशी आलो. डोलीवाले आत्यांच्या मागं लागले. त्यांनी त्यांनाच विचारलं, तुमचे खांदे दुखत नाहीत का, आणि दहा मिनिटं तीच चौकशी चालली. पायऱ्या चढून पहिल्या लेणीच्या दारात आलो आणि आत्यांनी चपला काढून अंधारात पाऊल टाकत खणखणीत हाक मारली, "डेन्मार्क!"

आतले सगळे वळले. रक्षक धावत आला. "आजी, ओरडायचं नाही आत."

"कुठला रे तू?"

"सिल्लोडचा."

"सिल्लोड, एक डेन्मार्क बघितली का? उंच, पांढरी येणी, काठी हाय."

सिल्लोडनं नाही म्हटलं. तोवर आत्यांची नजर भिंतीवर गेली होती. डोळे अंधाराला सरावले तशी एकेक माणसं भिंतीतून बाहेर यायला लागली, राजे, राण्या, दासी, वाजंत्री. आत्या देवळात थांबावं तशा थांबल्या. मग पुढं सरकल्या, फार पुढं, सिल्लोडनं पुन्हा टोकलं. "गंगापूर, हा काठ बग. पट्टे बग. एक जाड, दोन बारीक. हे आसंच आमचे घोंगड्या इणणारे सणगर घालतेत." त्या चित्रातल्या कुणा बाईच्या कमरेच्या वस्त्राकडे बोट करत होत्या. "ज्यानं काढलंय त्याला इणकाम कळत होतं बरं का. रंग भरून मोकळा नाय झाला."

मी म्हटलं, "आत्या, डेन्मार्क."

"व्हय, व्हय."

पण पुढच्या लेणीत पुन्हा तेच. मग त्यांनी मध्यम मार्ग काढला. लेणीत शिरायचं, भिंतीकडे बघत बघत प्रत्येक गोऱ्या बाईजवळ जाऊन हळूच विचारायचं, "डेन्मार्क?" पोलंड भेटली. स्पेनचं जोडपं भेटलं. एक म्हातारा गृहस्थ म्हणाला की तो कॅनडाचा आहे, पण त्याच्या आईचं आजोळ डेन्मार्क. आत्यांनी त्याची पाठ थोपटली. ऊन चढलं. मला घाम फुटला होता आणि मनात एकच विचार, ती केव्हाच जळगावला निघून गेली असणार.

ती शेवटी सापडली. टोकाच्या लेणीत, पहुडलेल्या बुद्धाच्या त्या लांबलचक मूर्तीसमोर, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी. आत्यांनी आधी मूर्तीला हात जोडले. "किती निवांत," असं पुटपुटल्या. मग हळूच तिच्या दंडाला हात लावला.

डेन्मार्कनं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. घोंगडीवाल्या दोघी शंभर किलोमीटरवरून आल्या म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं असणार. पार्सल हरवलं? कार्ड चाललं नाही? मी बोलायला तोंड उघडायच्या आत तिनं पाकीट काढलं. "किती कमी पडले?" तिनं विचारलं.

आत्यांनी पाकिटावर हात ठेवला आणि ते दाबून बंद केलं. मग स्वतःच्या कमरेची पिशवी काढली.

बाहेर कठड्यावर बसून मी सगळं सांगितलं. ती मोबाइल काढून तिच्या बँकेचा आकडा बघत होती, मी कागद दाखवत होते. हळूहळू तिला कळलं. "मला वाटलं, मी शहाणपणा करतेय," ती म्हणाली. "क्रोनरमध्ये आकडा दिसला, मला बरं वाटलं. म्हटलं, आता नेमकं किती जाणार ते तरी माहीत आहे." ती आत्यांकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली, मोठ्यानं, काठी हातातून पडेपर्यंत. आत्याही हसायला लागल्या. का ते त्यांना माहीत नव्हतं, मी अजून भाषांतर केलंच नव्हतं.

पैसे घ्यायला ती तयार होईना. एवढ्या लांब आलात, हे तुमच्या भाड्याचे म्हणून ठेवा, असं तिचं म्हणणं. मी ते आत्यांना सांगितलं. आत्यांनी ते पैसे तिच्या ओंजळीत ठेवले आणि तिची बोटं स्वतःच्या हातांनी मिटवली. "तिला सांग, घे म्हणावं. नायतर घोंगडी अंगावर घेतली की दर येळी आठवंल मला, डेन्मार्कचे सहाशे माझ्याकडंच. झोप लागायची नाय."

मी सांगितलं. तिनं पैसे घेतले. उतरून खाली आलो तेव्हा तिनं त्यातूनच आम्हाला उसाचा रस पाजला, आत्यांनी त्याला हरकत घेतली नाही. "तिचे हायेत, ती काय पण करंल." जळगावची बस येईपर्यंत दोघी शेजारी बसल्या होत्या. आत्या तिला वहिनीला सांगावं तसं काहीतरी घरचं सांगत होत्या, मेंढ्यांचं, यजमानांचं. मला भाषांतर करायला त्यांनी सांगितलं नाही, मीही केलं नाही.

त्यानंतरचे दिवस मात्र तंगीचे गेले. नवं मशीन यायला वेळ लागला, आणि तोच नाताळचा आठवडा. पाहुणे यायचे, घोंगडी आवडायची, कार्ड काढायचे, मी नाही म्हणायचे, ते निघून जायचे. गल्ला रोज घटत होता. बिडकीनचा एकदा फोन आला, अजून विचार करा, जुनं मशीन उद्या लावून देतो. आत्यांनी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. ज्यांना घोंगडी हवीच असेल त्यांना आम्ही एटीएमला पाठवायचो. तिथंही पडद्यावर तसलाच प्रश्न येतो, तुमच्या देशातल्या पैशांत बदलून देऊ का? हे कळल्यावर आत्यांनी मला पाहुण्यांबरोबर जायची आज्ञा केली. त्या आठवड्यात मी स्कूटीवर मागं दोन फ्रेंच, एक इटालियन आणि एक घामाघूम झालेला ऑस्ट्रेलियन बसवून एटीएमच्या फेऱ्या केल्या आणि पडद्यावरच्या 'नको'वर बोट ठेवून दाखवलं.

त्या चारशेतले बाकीच्यांचे पैसे उरलेच होते. डेन्मार्क सोडून बाकीचे पाहुणे आपापल्या देशी परतले होते. आत्यांनी त्याचीही वाट काढली. कागद बघून मी सांगितलं, यात फ्रान्सचे तिघं, जर्मनीचे दोघं, जपानचा एक. "मंग पुढं फ्रान्स येईल तवा फ्रान्सला दे." त्या पैशांतून त्यांनी लोकरीचे छोटे बटवे शिवून घेतले आणि त्या त्या देशाचं माणूस आलं की हातात ठेवायच्या. कुठल्याच फ्रेंच माणसाला आपल्याला बटवा का मिळाला हे कधी कळलं नाही. जपानचं माणूस फार दिवस आलं नाही तेव्हा आत्या खरोखर काळजीत होत्या.

नवं मशीन आलं. भाडं पडायला लागलं. त्याच्यावर मात्र प्रश्न यायचा नाही, फक्त रुपये. तरी आत्यांचा विश्वास बसला नाही. मी त्यांना इंग्रजीत एक वाक्य शिकवलं, 'कृपया रुपये निवडा.' त्यांनी ते पाठ करून स्वतःच्या सोयीनं बदललं: "रुपी गुड! अदर, ईट यू!" असं त्या बोट नाचवून ओरडायच्या. पाहुणे आधी दचकायचे, मग समजून हसायचे. खुलताबादनं ते वाक्य उचललं आणि आपल्या सगळ्या सवाऱ्यांना वाटेतच ऐकवायला लागला. तुटलेल्यांपैकी दोन ड्रायव्हर परत आले. पाहुणेच विचारतात, म्हणाले, ती ओरडणारी बाई कुठं बसते.

माझा नवरा त्याच वर्षी कंपनीच्या कामानं जर्मनीला गेला. परत आल्यावर आत्यांसाठी चॉकलेटं घेऊन दुकानात आला आणि अभिमानानं म्हणाला, "आत्या, मी सगळीकडं रुपयेच दाबले."

आत्यांनी कपाळावर हात मारला. "आरं देवा! तू इथं हायेस का तिथं? तिथं तिथलं दाबायचं! इथं आलेला असला तर रुपया, तिथं गेलेला असला तर त्यांचं जे काय असंल ते. गंगापूर, काय शिकवलं गं तू ह्याला?" मग त्याचा पडलेला चेहरा बघून त्यांनी चॉकलेट तोडलं आणि अर्धं त्यालाच भरवलं. त्यानं सांगितलं की त्याच्या कार्डाची बँकही वरून थोडे कापते. आत्या चॉकलेट चघळायच्या थांबल्या. "आणखी एक दगडवाला हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी उरलेलं चॉकलेट कागदात गुंडाळून ठेवलं.

अजिंठ्याहून परत येतानाची गोष्ट राहिली. बसमध्ये त्या दमून खिडकीला टेकल्या होत्या. सिल्लोडच्या पुढं अचानक सरळ बसल्या. "गंगापूर, वेरूळबी आसंच हाय का?"

"त्याहून मोठं. डोंगरातून कोरून काढलेलं अख्खं देऊळ."

"आन् ते माझ्या दुकानापासून पंधरा किलोमीटर."

आमची सुट्टी मंगळवारी असायची त्याचं कारण साधं होतं. मंगळवारी वेरूळ बंद असतं, पाहुणे नसतात. म्हणजे आत्यांना मोकळा दिवस मिळायचा तो नेमका वेरूळ बंद असण्याचा. इतकी वर्षं असंच चाललं होतं आणि त्यांना कधी खटकलं नव्हतं. त्या पुन्हा खिडकीला टेकल्या.

नवं मशीन आल्यानंतरच्याच एका बुधवारी मी दुकानावर पोचले तर कुलूप. आत्या पायरीवर, नवं लुगडं नेसून. "चल."

कैलास लेण्याच्या अंगणात शिरल्यावर त्या एकदम खालीच बसल्या, फरशीवर. मान मागं टाकून वर बघत राहिल्या. कितीतरी वेळ. मी पाणी दिलं ते हातातच राहिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून खुलताबाद ओरडत होता, मलाही ऐकू येत होतं. "आत्या! कोरिया लाया मैं, चार लोगां! दुकान कायकू बंद है? तबियत ठीक है ना?"

"म्या लेण्यात हाय."

"कौन से लेणे में?"

"वेरूळच्या. कोरियाला हिकडंच आण. घोंगडी उद्याबी हाय."

"मैं बाहर पार्किंग में रुकता, फिर."

"नाय. किती वर्सं झाली रं तुला माणसं सोडायला? आत आलास कधी?"

पलीकडून गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं तो आला. चार कोरियन पुढं, हा मागं, हातात स्वतःचं तिकीट, कुणीतरी हिसकावून घेईल असं घट्ट धरलेलं. दगडी हत्तींपाशी येऊन तो थांबला. वर पाहिलं, मग खाली पाहिलं, मग बाजूच्या ओवऱ्यांतून आत आत जाणाऱ्या अंधाराकडे पाहिलं.

"आत्या," तो हळू आवाजात म्हणाला, "ये इतना अंदर तक है?"

आत्यांनी त्याच्याकडे उठवायला हात केला. त्यानं त्यांना उभं केलं. "मलाबी आत्ताच कळलं," त्या म्हणाल्या. "चल."